वाटेतून काढले, ते कोठे ठेवले?



माननीय अबू बरज़ा (रजि.) यांनी एकदा अल्लाहच्या प्रेषितांना (स.) विनंती केली की, ज्यापासून मला लाभ होईल अशी एखादी गोष्ट शिकवावी. प्रेषितांनी (स.) त्यांना एवढेच सांगितले की, मुस्लिमांच्या वाटेतून त्रासदायक वस्तू दूर करीत जा. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आली आहे. माननीय अबू हुरैरा (रजि.) यांच्या निवेदनात ईमानच्या सत्तरहून अधिक शाखांचा उल्लेख आहे. त्यांत सर्वोच्च शाखा एकेश्वरत्वाची साक्ष, तर सर्वांत खालची शाखा वाटेतील पीडादायक वस्तू हटविणे ही होय.

सर्वांत खालची म्हटल्यामुळे आपण तिला क्षुल्लक समजून बसलो. रस्त्यातला दगड किंवा केळीची साल पायाने बाजूला सारली की तिचा हक्क अदा झाला, असे आपल्याला वाटते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तिकडे सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, तेव्हा या शाखेचा भार किती मोठा आहे हे कोकणाने पाहिले. पाणी ओसरल्यावर दारोदारी चिखलाने माखलेल्या गाद्या, कपाटे, फ्रिज, कुजू लागलेले धान्य, फुटलेली कौले आणि मेलेली जनावरे यांचे ढीग साचले. ज्याचे दुकान गेले, त्याच्याच दारात त्या दुकानाचा ढिगारा उभा होता. अशा वेळी मनुष्याला एकच इच्छा असते, हे सर्व डोळ्यांसमोरून जावे. कोठे जावे, हा विचार त्याच्या मनात येत नाही, आणि त्या दिवशी त्याला दोष देणेही कठीण आहे.

तथापि शरीअतने हा विचार आपल्यावर सोपविलेला आहे. स्वतः हानी सोसू नये आणि दुसऱ्यालाही हानी पोहोचवू नये, या आशयाच्या प्रेषितवचनावर फिकहचे अनेक नियम उभे आहेत. माझ्या दारातील पीडा मी शेजाऱ्याच्या मोकळ्या जागेत टाकली, तर पीडा दूर झाली नाही, तिचा पत्ता बदलला. रात्री टेम्पोभर राडारोडा नदीकाठी किंवा वहाळात ओतणाऱ्याने तर पुढच्या पावसाचे पाणी आजच अडवून ठेवले. चिपळूणच्या खाली वाशिष्ठी गोवळकोटवरून दाभोळच्या खाडीकडे जाते. काठावरच्या त्या गावांत आपलेच भाऊबंद राहतात, मासे धरतात, भाती करतात. पुरानंतर नदीतील गाळ काढावा म्हणून चिपळूणकरांना आंदोलन करावे लागले. नदीचे पात्र भरले म्हणून ज्यांनी आक्रोश करावा, त्यांनीच त्यात आपला ढिगारा लोटावा, हे कसे शोभेल?

प्रेषितांनी (स.) दिलेला नौकेचा दृष्टान्त आपण जाणताच. खालच्या मजल्यावरील प्रवासी पाण्यासाठी वर जाण्याचा त्रास वाचवावा म्हणून आपल्या भागात भोक पाडू पाहतात. वरच्यांनी त्यांचा हात धरला तर सारे वाचतील, न धरला तर सारे बुडतील. मोहल्ल्यातील एखादा टेम्पो नदीकडे वळताना दिसला, तर तो हात धरण्याचा प्रसंग आपल्यावर आला आहे असे समजावे. नगरपालिकेने नेमलेली जागा लांब असेल, तरी तिथवरचे भाडे मोहल्ल्याच्या वर्गणीतून द्यावे. अशा खर्चास सदका म्हणण्यात मला संकोच वाटत नाही.

आता ढिगारा मुळातच कमी कसा होईल, ते पाहू. मदीना येथे मस्जिदे नबवी ज्या जागेवर उभी राहिली, तेथे जुन्या कबरी होत्या, पडक्या भिंतींचे अवशेष होते आणि खजुराची झाडे होती. माननीय अनस (रजि.) निवेदन करतात की, प्रेषितांच्या (स.) आज्ञेने अवशेष सपाट करण्यात आले, झाडे तोडण्यात आली, आणि त्याच झाडांचे बुंधे किब्ल्याच्या बाजूला रांगेने लावण्यात आले. जागा साफ करताना निघालेली वस्तू मस्जिदीच्या कामी आली! दुसऱ्या एका प्रसंगी मेलेली बकरी टाकून दिलेली पाहून, हिच्या कातड्याचा उपयोग का केला नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले. ती मृत आहे, असे लोक म्हणाले, तेव्हा निषिद्ध आहे ते तिचे खाणे, असा खुलासा त्यांनी केला. कोकणातील पडलेल्या घराचा जांभा चिरा, शाबूत कौले, सागवानी वासे, लोखंडी सळ्या यांना ढिगाऱ्यात लोटणे याच दृष्टीने पाहावे. चिरे आणि कौले वेगळी रचली, लोखंड व पत्रे भंगारवाल्यास दिले, ओला सेंद्रिय कचरा खड्ड्यात गेला, तर नेण्याजोगा ढीग पुष्कळच लहान होतो. २०१६च्या केंद्रीय नियमांनीही बांधकामाचा राडारोडा इतर कचऱ्यात न मिसळता वेगळा ठेवण्यास सांगितले होते. सर्व एकत्र करून पेटवून देण्याचा मोह मात्र टाळावा. ओल्या गाद्या आणि प्लॅस्टिक यांचा धूर त्याच गल्लीतील दम्याच्या रुग्णाच्या छातीत जातो.

आपल्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, ही कुरआनची ताकीद येथे अक्षरशः लागू पडते. उत्साही तरुण अनवाणी चिखलात उतरतात. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि पायाच्या लहानशा जखमेतून लेप्टोस्पायरोसिस शरीरात शिरतो. गमबूट व हातमोजे घालावेत, आरोग्य कर्मचारी प्रतिबंधक गोळ्या देतील त्या त्यांच्या सांगण्यानुसार घ्याव्यात आणि ताप आल्यास दवाखाना गाठण्यास विलंब करू नये. घरात शिरण्यापूर्वी विजेचा मुख्य प्रवाह बंद असल्याची खात्री करावी. झुकलेल्या भिंतीखालचे सामान, मग ते कितीही मोलाचे असो, भिंत उतरविल्यावरच काढावे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ते फोडू नयेत. पाणी शिंपडून, मास्क लावून अखंड उचलावेत. कीटकनाशकाचे डबे, बॅटऱ्या आणि गॅसचे सिलिंडर ढिगाऱ्यात मुळीच मिसळू नयेत.

ढिगाऱ्यात अमानतीही असतात. ज्याला आपण कचरा म्हणतो, तो कोणाच्या तरी संसाराचा माल असतो. मालकास विचारल्यावाचून त्यातले काही फेकण्याचा किंवा भंगारात विकण्याचा अधिकार मदत करणाऱ्यास नाही. दागिना, कागदपत्रांची पिशवी, एखादे छायाचित्र सापडले, तर ते मस्जिद कमिटी किंवा पोलीस ठाण्याच्या स्वाधीन करून त्याचे वर्णन लिहून ठेवावे. सापडलेल्या वस्तूची थैली व तिची दोरी ओळखून ठेवावी आणि वर्षभर तिची घोषणा करावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. गाळात सापडलेल्या अंगठीस यातून सूट नाही.

भिजलेल्या कुरआनच्या प्रतींविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या बाबतीत भक्तिभावानेच चूक होते. प्रत वाचण्याजोगी असेल तर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानांमध्ये कोरे कागद ठेवून वाळवावी. बऱ्याच प्रती अशा वाचतात. वाचण्याजोगी न राहिलेली प्रत स्वच्छ कापडात गुंडाळून, जेथे पाय पडणार नाही अशा जागी दफन करावी. आपल्या उलमांकडे अन्य मार्गांचीही माहिती मिळेल, ती घ्यावी. परंतु प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पुलावरून नदीत सोडणे हा आदर नव्हे. ती पिशवी पुढे कोणत्या तरी काठाच्या चिखलात झाडाझुडपांना अडकते, आणि ज्या अनादराच्या भीतीने आपण ती सोडली, तोच तिच्या वाट्याला येतो.

शेवटी हा ढीग कोणी तरी हातांनी उचलणार आहे. चिपळूण आणि महाडच्या पुरानंतर इतर शहरांच्या महापालिकांची सफाई पथकेही तेथे आली होती. त्यांना पिण्याचे पाणी, हात धुण्यास साबण आणि घटकाभर टेकण्यास आपला ओटा मिळावा. मजुरीने माणूस लावला असेल तर घाम वाळण्याआधी त्याचे पैसे द्यावेत. फुटलेल्या काचा, ट्यूबलाइट, खिळ्यांच्या फळ्या आणि इंजेक्शनच्या सुया घरच्यांनीच वेगळ्या खोक्यात भराव्यात, खोके दोरीने बांधावे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘काच’ किंवा ‘सुया’ असे लिहून ते ढिगाऱ्यापासून दूर ठेवावे.