कललेलें घर

पावसाळा जवळ आला कीं कोपरगांवासारख्या गोदाकांठच्या जुन्या गांवांत एक प्रश्न उभा राहतो : शेजारचें घर कललें आहे, तें पाडावें कोणीं? १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाचें उत्तर सरळ आहे. मालकास नोटीस द्यावी. त्यानें दुरुस्त केलें नाहीं वा पाडलें नाहीं, तर पालिकेनें पाडून खर्च वसूल करावा. घर आपलें म्हणून तें शेजाऱ्याच्या लेंकरांवर पाडण्याचा हक्क कोणास नाहीं, हें आम्हांस निर्विवाद वाटतें.

पण त्या घरांत मालकच राहतो असें थोडेंच आहे? माडीवर जुना भाडेकरू असतो. भाडें इतकें तुटपुंजें कीं घर शाकारण्याचाही खर्च त्यांतून निघत नाहीं. म्हणून मालक हात लावीत नाहीं. घर पडलें तर भाडेकरूही जाईल, हा हिशेब प्रत्येकाच्या मनांत नसेल, पण पुष्कळांच्या असतो. आणि मग पालिकेची नोटीस नकळत त्या हिशेबाची हस्तक होते. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेनें पाडलेल्या एका इमारतीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें कीं, इमारत गेली तरी भाडेकरूचा हक्क मरत नाहीं, कारण तो खालच्या जमिनींतही असतो. निर्णय न्याय्यच आहे. मात्र ढिगाऱ्यावरच्या हक्कांत रात्र काढतां येत नाहीं. म्हणून पालिकेनें नोटिशीबरोबरच भाडेकरूच्या जागेची मोजणी करून दाखला त्याच्या हातीं द्यावा, आणि पावसाचे चार महिने त्यास आपल्या एखाद्या रिकाम्या खोलींत राहूं द्यावें.