मडके मातीत आधीच असते का?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला संत गोरा कुंभारांचे मंदिर आहे. त्याच जिल्ह्यात, भूम तालुक्यातल्या ईट गावी कोणी ग्रामदैवताच्या माहितीची वेबसाइट करायला बसले, तर कुंभाराच्या चाकाभोवती शतकानुशतके चाललेला एक वाद त्याच्यासमोर उभा राहतो. मडके घडण्याआधी मातीत असते की नसते?

काम तसे साधे. ह्यूगो हे साध्या मजकुरातून वेबसाइटची पाने बनवणारे साधन घ्यायचे. टर्मिनलमध्ये ‘ह्यूगो न्यू साइट’ ही आज्ञा दिली की फोल्डर तयार होते. मजकूर मार्कडाउनच्या फायलींत लिहायचा, थीम जोडायची, ‘ह्यूगो सर्व्हर’ चालवून ब्राउझरमध्ये पाहायचे. मनासारखे झाले की नुसते ‘ह्यूगो’ टंकायचे. ‘पब्लिक’ फोल्डरात तयार पाने येतात. ते अख्खे फोल्डर पुसले तरी बिघडत नाही. आज्ञा पुन्हा दिली की पाने पुन्हा हजर.

सांख्य दर्शनाच्या विचारवंतांना हे फार आवडले असते. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या नवव्या कारिकेत पाच कारणे देऊन मांडले, की कार्य कारणात आधीपासूनच असते. तिळातून तेल निघते, वाळूतून नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला त्याही पुढे नेतो: मातीचा गोळा कळला की मातीचे सारे काही कळते, घडलेले आकार केवळ नावापुरते.

न्याय दर्शनाचे नैयायिक मात्र अडून बसतात. मडक्यात पाणी राहते, गोळ्यात राहत नाही. म्हणजे काहीतरी नवे जन्मले. शिवाय माती हे उपादान कारण असले, तरी कुंभार आणि चाक या निमित्त कारणांवाचून मडके होत नाही.

इथे नैयायिकांची बाजू वाटते त्याहून भक्कम आहे. ह्यूगोची पहिली आवृत्ती २०१३ ची. तेव्हापासून ते सतत बदलत आले आहे. जुना मजकूर आणि जुनी थीम नव्या आवृत्तीवर चालवली, तर कधी पान वेगळे दिसते, कधी बनतच नाही. मजकुराचे अक्षरही बदललेले नसते. मूळ फायलींतच सगळे होते, असे मग कसे म्हणावे?

म्हणून निकाल विभागूनच द्यावा लागतो: अर्थ मजकुरात असतो, पान मात्र घडवावे लागते. गावाची, देवळाची, वाचनालयाची वेबसाइट करणाऱ्यांनी ‘पब्लिक’मध्ये हाताने दुरुस्ती करू नये, पुढच्या वेळी पाने बनली की ती पुसली जाते. दुरुस्ती मूळ फायलीत करावी, ती गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात नोंदवावी, आणि शेजारी ह्यूगोचा आवृत्ती-क्रमांकही लिहून ठेवावा.