सवलत की न्याय?

आपल्या भोपाळच्या शेजारील सीहोरचे कपिल परमार यांनी ५ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिंपिक स्पर्धेत ज्यूदोचे कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, ज्यूदोत भारताला लाभलेले हे पहिलेच पदक. बालपणी विजेचा धक्का बसल्याने त्यांच्या दृष्टीची कायमची हानी झाली होती.

ही वार्ता ऐकून आनंद झाला. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मनात एक संशयही डोकावला, तो लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अंधांसाठी नियम बदललेले असतात. मग यास पराक्रम म्हणावे, की जगाने दयेपोटी दिलेली सवलत?

नियम पाहू जाता मुख्य बदल एकच आढळतो. डोळस खेळाडू दूर उभे राहून पकडीसाठी झटतात. दृष्टिहीनांचा सामना परस्परांच्या अंगरख्याची पकड घेतल्यावरच सुरू होतो. दोघे विलग झाले, की पंच त्यांस पुन्हा मधोमध आणून पकड देतात. पुढील झुंज मात्र तीच. परमार उपांत्य सामन्यात इराणच्या खेळाडूकडून ०–१० असे हरले. नंतर ब्राझीलच्या खेळाडूस १०–० असे हरवून त्यांनी पदक मिळविले. बदललेल्या नियमाने त्यांस पराभवापासून वाचविले नाही, विजयही हाती आणून दिला नाही.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. पॅरालिंपिकमध्ये हा खेळ १९८८ साली सेऊल येथे आला. पुढे कित्येक वर्षे पूर्ण अंध आणि अंधुक पाहू शकणारे एकाच गटात लढत. नियम सर्वांस सारखा. पण ज्यास थोडे दिसे, त्याचे पारडे जड. २०२२ पासून हे गट वेगळे झाले. तात्पर्य, सर्वांस एकच नियम लावला म्हणजे न्याय झाला असे नव्हे.

दया दुर्बलाला जिंकवू पाहते. न्याय त्याला लढण्याचा आणि हरण्याचाही पूर्ण अधिकार देतो. आपण अंध मुलाला मायेने मैदानाच्या कडेला बसवितो, त्याच्या हाती खाऊ देतो आणि कर्तव्य केल्याचे समाधान मानतो. त्याला खेळता येईल असा नियम शोधण्याचे कष्ट मात्र घेत नाही. त्याची उणीव डोळ्यांत असेल. आपली उणीव कोठे आहे, याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा.