भूल आणि भूलथाप

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात 'भूल' या शब्दाला भिण्याचे खरे म्हणजे काही कारण नाही. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाई बसते. मुली गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. निवडणुकीत भूलथापा मिळतात, त्याही आपण गोड मानून घेतो. पण ऑपरेशनच्या आधी 'भूल देणार' म्हटले, की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. कापून घेण्याची भीती नसते हो. आपण हजर नसताना कापणार, याची असते.

त्यातून हृदयाचे ऑपरेशन! हृदय थांबवायचे आणि रक्त यंत्राने फिरवायचे. पंचाईत होते ती मेंदूची. वजनाने हे महाशय शरीराच्या अवघे दोन टक्के, पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा एकटे फस्त करतात. चारपाच मिनिटे रक्त थांबले, की कायमचे रुसतात. जावई परवडला.

भूलतज्ज्ञांनी यावर टंचाईतला उपाय काढला. विहिरीत पाणी वाढत नसेल तर घरातला वापर कमी करा! थायोपेन्टल हे भुलीचे औषध भरपूर दिले, की मेंदूच्या विद्युतलहरी जवळजवळ सपाट होतात आणि त्याची भूक निम्म्यावर येते. ऑपरेशनात शरीर थंड करतात, त्यामागेही हाच हिशेब.

१९८६ साली अमेरिकेत हृदय उघडून केलेल्या ऑपरेशनांत १८२ रोग्यांवर हे तपासले. दहाव्या दिवशी औषध न मिळालेल्या सात जणांच्या मेंदूत बिघाड उरला होता. मिळालेल्यांपैकी एकाच्याही नाही. आनंदीआनंद! पण १९९१ साली बायपासच्या रोग्यांवर हाच प्रयोग झाला, तेव्हा फायदा दिसेना. शिवाय या औषधाने जाग उशिरा येते आणि हृदयाला आधाराची औषधे जास्त लागतात. म्हणजे मेंदूला गादी टाकायची आणि हृदयाखालची सतरंजी ओढायची! मेंदूला धक्का बसतो तो पुष्कळदा बारीक गुठळ्या आणि हवेचे बुडबुडे अडकून. पाइपात खडा अडकल्यावर नळ जपून वापरण्याला काय अर्थ? आज हे औषध मेंदूचे कवच म्हणून सरसकट देत नाहीत.

आमच्या मामांच्या हृदयाची झडप बदलायची होती. मामा मेहकरकडचे, पक्के वारकरी. भूलतज्ज्ञ भेटायला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, छाती उघडा, काय करायचं ते करा. पन मले हरिपाठ पाठ हाये. तेवढा खालीवर होऊ देऊ नका."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "काका, सगळी काळजी घेऊ. पण वचन देता येणार नाही."

मामी रडू लागल्या. आम्हालाही वाटले, काय बिघडले असते 'काही होत नाही हो' म्हणायला? पण विचार करा. पाय गेला तर मन म्हणते, पाय गेला. मनच थोडे गेले, तर ते कोणी म्हणायचे? फिर्यादी तोच, साक्षीदार तोच आणि चोरी झालेला मालही तोच! नंतर तक्रार करायला तोच माणूस हजर असेल, याची खात्री नाही. म्हणून त्याला विचारायचे ते आधीच विचारले पाहिजे आणि खरे सांगून विचारले पाहिजे. खोटा धीर देणे म्हणजे शुद्धीत असलेल्या माणसाला भूल देणे. तिला ना मात्रा, ना उतारा.

मामांनी मात्र सही केली. म्हणाले, "हा मानूस खोटं बोलत नाही. याच्या हाती झोपायले हरकत नाही."

चौथ्या दिवशी मामांनी हरिपाठ म्हणून दाखवला. दोन ठिकाणी अडखळले. आम्ही घाबरून मामींकडे पाहिले.

"तिथं ते नेहमीच अडखळतात," मामी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.