हया, सब्र आणि पुरुषाचे दुखणे

काही आजारांविषयी घरात मोकळेपणाने बोलले जाते, काहींविषयी दार लावूनही बोलले जात नाही. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हा त्यांपैकीच एक. तो शरीरात पसरल्यावर सहसा संप्रेरक-उपचार दिला जातो, आणि मग आजाराइतकेच उपचाराविषयीही मौन पाळले जाते. वाचकहो, या मौनाला हया म्हणावे काय? सब्र म्हणावे काय?

प्रथम उपचार समजून घेऊ. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली शिकागो येथे दाखवून दिले. त्यासाठी १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. आज ठरावीक महिन्यांच्या अंतराने दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी या संप्रेरकाची निर्मिती जवळजवळ थांबवली जाते. रोग आटोक्यात राहतो, वेदना कमी होतात. परंतु स्नायू, हाडे, उत्साह आणि कामेच्छा यांचा आधारही तेच संप्रेरक असते. म्हणून अंगातून एकाएकी उष्णतेच्या लाटा उसळतात, थकवा येतो, वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात, मन खिन्न होते, आणि पत्नीची ओढ उरत नाही.

येथे रोगी स्वतःशी म्हणतो, "मी आता पुरुष राहिलो नाही." तो पत्नीपासून दूर होतो, आणि आपण नकोशा झालो असे तिला वाटते. कोणी डॉक्टरांना न सांगताच इंजेक्शन टाळतो. एका न बोललेल्या शब्दाची किंमत अशी सारे घर मोजते.

आता प्रेषितांच्या (स.) सोबत्यांकडे पाहा. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याध होती. नमाज कशी अदा करावी, हे त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून, अशी सवलत त्यांना मिळाली. हजरत अली (रजि.) यांना एका खाजगी शारीरिक बाबीविषयी विचारायचे होते, पण ते प्रेषितांचे (स.) जावई, त्यामुळे संकोच आडवा आला. त्यांनी हजरत मिकदाद (रजि.) यांच्याकरवी विचारून घेतले. त्यांनी हया सोडली नाही आणि प्रश्नही सोडला नाही. हयेचा खरा अर्थ हाच. ती बोलण्याची रीत शिकवते, तोंड बंद करीत नाही.

सब्रचेही तसेच. हजरत याकूब (अलै.) पुत्रविरहात इतके रडले की त्यांची दृष्टी गेली, तरी सब्रच्या वाटेवरून ते ढळले नाहीत. उपचारामुळे डोळे भरून येत असतील, तर तो ईमानचा दुबळेपणा नव्हे.

शरीर ही अमानत आहे, आणि अमानतीची निगा राखावी लागते. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालणे व स्नायूंना बळ देणारा व्यायाम केल्यास थकवा कमी होतो. हाडांची घनता तपासून घ्यावी. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांविषयी विचारावे. रक्तातील साखर, चरबी व रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे. सैल सुती कपडे वापरावेत. गरम पेये व तिखट यांनी लाटा वाढत असतील तर ती कमी करावीत. कामेच्छेची तक्रारही डॉक्टरांना सांगावी. त्यांना ती नवी नाही. इंजेक्शन मात्र आपल्या मनाने कधीही थांबवू नये. रोज्याविषयी डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारावे. आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिली आहे.

आणि ज्यांच्या घरात असा रोगी आहे, त्या पत्नीने व मुलांनी थट्टा, कीव आणि घाई टाळावी. ज्या पुरुषाने आयुष्यभर घराचा भार वाहिला, त्याचे पुरुषपण रक्ताच्या तपासणीत मोजता येत नाही. ते त्याच्या जबाबदारीत, सत्यात आणि दयेत होते. ते गुण कोणतेही इंजेक्शन काढून घेऊ शकत नाही. आज त्याने पत्नीला आपले दुखणे खरेखरे सांगावे. हेही पुरुषपणच आहे.