फुकट आणि मोकळे

इंग्रजी भाषेचे शब्दभांडार मोठे आहे हे कोणीही कबूल करील. परंतु एका जागी ती आपल्या मराठीपुढे गरीब ठरते. पैसे न मोजता जे मिळते तेही इंग्रजीत ‘फ्री’, आणि जे कोणाच्या बंधनात नसते तेही ‘फ्री’च. आपल्याकडे या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत : फुकट आणि मोकळे. लग्नाच्या मांडवात जेवण फुकट असते, म्हणून मांडव काही आपला होत नाही. गावचे गायरान मोकळे असते, पण तिथे गुरे राखण्याचे कष्ट ज्याचे त्यालाच करावे लागतात. माणसाने यांतले काय पत्करावे, आणि दोन्ही एकदम मिळत नसेल तर कशावर पाणी सोडावे, हा प्रश्न तसा जुनाच. मला तो नव्याने पडला तो एका स्वस्त लॅपटॉपमुळे. नेमके सांगायचे तर, त्या लॅपटॉपवर हलती चित्रे दिसावीत म्हणून बसवाव्या लागणाऱ्या एका लहानशा तुकड्यामुळे.

यंत्रांचा ज्यांना कंटाळा आहे अशा वाचकांनी घाबरून पान उलटू नये. गोष्ट सोपी आहे. ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पाने दाखवणारी खिडकी. एके काळी या खिडकीतून मुख्यतः अक्षरे आणि स्थिर चित्रे दिसत. चित्रपट, आवाज, खेळ हवे असतील तर तिला बाहेरून आणलेला एक तुकडा जोडावा लागे. त्याला प्लगइन म्हणतात. या तुकड्यांत सर्वांत गाजलेला म्हणजे फ्लॅश. तो 1996 साली दुसऱ्याच नावाने जन्मला, मग मॅक्रोमीडिया कंपनीकडे गेला, आणि 2005 साली ॲडोबीने ती कंपनीच विकत घेतल्यावर ॲडोबीचा झाला. त्याच वर्षी सुरू झालेले यूट्यूब याच फ्लॅशच्या खांद्यावर बसून घराघरांत गेले. फ्लॅश बसवायला एक पैसा पडत नसे. मात्र त्याचे पोट उघडून पाहायला बंदी होती, त्यात फेरफार करायला बंदी होती, आणि स्वतंत्र परवानगी घेतल्यावाचून तो दुसऱ्याला वाटायलाही बंदी होती. म्हणजे फुकट होता, मोकळा नव्हता.

आता लॅपटॉपकडे वळू. 2005 च्या जानेवारीत दाव्होस येथे निकोलस निग्रोपॉन्टी यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप करण्याचा संकल्प जाहीर केला. 2007 च्या अखेरीस तो कारखान्यातून बाहेर पडू लागला तेव्हा किंमत 188 डॉलरच्या आसपास गेली होती. तरी त्या काळी तीही नवलाचीच. हिरवा-पांढरा रंग, सशाच्या कानांसारख्या दोन अँटेना, भर उन्हात वाचता येणारा पडदा, आणि आत लिनक्स. हा लॅपटॉप आपल्याकडेही आला. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, एका लहानशा गावातल्या एकशिक्षकी शाळेच्या मुलांच्या हाती तो 2007 साली पडला.

या यंत्राच्या कळफलकावर दातेरी चक्राचे चित्र असलेली एक खास कळ होती. ती दाबली की चाललेल्या कामाचे मूळ लिखाण पडद्यावर उघडे व्हावे, अशी योजना होती. मुलाने नुसते खेळू नये. खेळणे उघडावे, मोडावे, पुन्हा जोडावे, हा त्यामागचा विचार. ज्यांनी इतका विचार केला ते आपल्या यंत्रात फ्लॅश कसा घालणार? त्यांनी त्याच्या जागी ‘नॅश’ नावाचा मोकळा तुकडा दिला. फ्लॅशला पर्याय म्हणून मोकळ्या सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी तो 2005 च्या अखेरीस रचायला घेतला होता. नॅश बिचारा प्रामाणिक होता. पण जुनी चित्रे दाखवी आणि नव्यापुढे अडखळे. ज्याला हे सोसत नसे तो फ्लॅश उतरवून घेई, टर्मिनल उघडून यंत्राचा मुख्य अधिकार हाती घेई, एका ओळीचा हुकूम लिही आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडी. पाच मिनिटांचे काम. चित्र हलू लागे! मात्र दातेरी चक्राच्या त्या कळीने या नव्या पाहुण्याचे अंतरंग काही उघडत नसे.

हा पाहुणा घरात घ्यावा की घेऊ नये?

माझ्या शाळेत ते हिरवे यंत्र कधी आले नाही. परंतु 2010 च्या सुमारास मी एक जुना, लहान पडद्याचा लॅपटॉप थोडक्या पैशांत घेतला आणि त्यावर उबुंटू नावाचे लिनक्स चढवले. त्याची सीडी तेव्हा मागणी केल्यास पोस्टाने घरपोच येई, टपालखर्चसुद्धा पाठवणाऱ्यांचाच. तालुक्याच्या कॉलेजात शिकणारा माझा एक माजी विद्यार्थी मदतीला येऊन बसला. फ्लॅशसाठी जे पाकीट उतरवायचे होते ते त्याने मला दाखवले. गंमत अशी की त्या पाकिटात फ्लॅश नव्हताच! होता तो केवळ एक निरोप्या, जो बाहेर जाऊन फ्लॅश घेऊन येणार. आपल्या हाताने सरसकट वाटता येत नाही, म्हणून केलेली ही युक्ती.

मी परवान्याचा मजकूर उघडला तसा मुलगा हसून म्हणाला,

“सर, ते वाचायचं नसतं. मान्य म्हणायचं आणि पुढं जायचं.”

या वाक्याने मी थबकलो. न वाचता मान्य म्हणण्याचा इतिहास आपल्या मुलखात फार मोठा आहे. 1875 सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खाती आणि कर्जरोखे बाजारात आणून जाळले. ज्या कागदांवर त्यांनी आंगठे उठवले होते त्यांत काय लिहिले आहे हे त्यांतल्या कितीकांना ठाऊकच नव्हते. पुढे 1879 साली सरकारला कायदा करावा लागला, आणि शेतकऱ्यांचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जाण्याची तजवीज झाली. त्या शेतकऱ्यांना वाचता येत नव्हते. माझ्या या विद्यार्थ्याला मीच वाचायला शिकवले होते.

शब्दकोश जवळ घेऊन मी तो मजकूर वाचला आणि त्याला म्हटले, “उद्या तुझ्या मित्राने पेनड्राइव्ह पुढे केला, तर हे त्याला द्यायचे नाही, असे वचन आपण देतो आहोत.”

“सर, सगळेच देतात.”

म्हणजे वचन द्यायचे आणि मोडायचे, हे आधीच ठरलेले! मला यात जे बोचले ते त्या कंपनीचे नुकसान मुळीच नव्हे. ‘मला मान्य आहे’ हे तीन शब्द माणसाने गंभीरपणे उच्चारायचे असतात. ते माशी हाकलावी तसे बोटाने झटकून टाकण्याची सवय ज्या पिढीला लहानपणापासून लागेल, ती पुढे लग्नात, कोर्टात, निवडणुकीत तेच शब्द कोणत्या किमतीने वापरील?

मुलगा मात्र हटणारा नव्हता. तो म्हणाला, “सर, त्या मोकळ्या नॅशवर तुमचं हृदयाच्या झडपांचं चित्र दिसत नाही. दिसतच नसेल तर त्या मोकळेपणाचं काय लोणचं घालायचं?”

वाचकहो, हा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तत्त्वे पाळणे भरल्या पोटी सोपे असते. शहरातल्या मुलाला दहा साधने असतात. त्याने एखादे नाकारले तर बिघडत नाही. ज्या वर्गात एकच लॅपटॉप आहे आणि ज्याच्या मास्तराला फळ्यावर हृदय धड काढता येत नाही, त्या वर्गाला ‘तुम्ही मोकळेपणासाठी उपाशी राहा’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

तरीही दुसरी बाजू उरतेच. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेला एका कंपनीकडून लेझर प्रिंटर भेट मिळाला होता. तो वरचेवर कागद अडकवून बसे. रिचर्ड स्टॉलमन या तिथल्या तरुणाला त्यावर उपाय करायचा होता : कागद अडकला की यंत्रानेच माणसांना कळवावे. त्यासाठी त्याला मूळ लिखाण हवे होते. ते ज्याच्यापाशी होते त्या माणसाने ते द्यायला नकार दिला. कोणाला देणार नाही, असे वचन तो देऊन बसला होता. प्रिंटर फुकट मिळाला होता, शेजारी दुरुस्ती करू शकणारा माणूस होता, आणि तरी सगळ्यांनी अडकलेल्या कागदाकडे पाहत बसायचे! स्टॉलमनने 1983 साली मोकळ्या सॉफ्टवेअरचा घाट घातला त्यामागे हा अनुभव होता. 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याला गाभा पुरवला. आणि त्यातूनच ते लिनक्स झाले, जे माझ्या जुन्या लॅपटॉपवर पोस्टाने येऊन पोचले.

शेवटी मी मुलाला म्हटले, “बसव.” वर्गाने हृदयाच्या झडपा उघडताना-मिटताना पाहिल्या. पण पेनड्राइव्हवरून मी फ्लॅश कोणाला दिला नाही. ज्याला हवा होता त्याला तो जिथून आणायचा तो रस्ता दाखवला. दिलेले वचन पाळणे मला भाग होते, आणि ते मुलांच्या देखत पाळणे त्याहून अधिक.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. 2012 साली ॲडोबीने लिनक्सवरचा नेहमीचा फ्लॅश आहे तिथेच थांबवण्याचे जाहीर केले. 2016 साली तो विचार बदलला. 2017 साली फ्लॅश सर्वत्रच बंद करण्याचे ठरवले. 31 डिसेंबर 2020 रोजी त्याचा आधार संपला, आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅशने आपणहून चित्रे दाखवायचे थांबवले. कंपनीने वागण्यात लबाडी केली असे मी म्हणणार नाही. तिने तीन वर्षे आधी सांगितले होते. ज्याची वस्तू त्याने ती आवरती घेतली. परंतु जगभरच्या हजारो हौशी माणसांनी रचलेले खेळ, चित्रकथा आणि धडे त्या दिवशी एकदम मुके झाले. आपले घर दुसऱ्याच्या जोत्यावर उभे आहे हे त्यांतल्या पुष्कळांच्या ध्यानीही आले नव्हते.

इथे मला घरातल्या विरजणाची आठवण होते. विरजण विकत आणण्याची आपल्याकडे रीत नव्हती. संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन जायचे. त्या चमचाभर दही देत. दिल्याने त्यांचे उणे होत नसे. आणि त्यांच्या घरचे दही कधी नासले, तर तेच विरजण आपल्या घरून परत जाई. एकाचे बुडाले तरी आळीचे बुडत नाही, ही त्यातली खुबी. मोकळे सॉफ्टवेअर हे असे विरजण आहे. फ्लॅशचे दही एकाच दुकानात लागे; दुकान मिटले आणि चव गेली. मग काही मंडळींनी ‘रफल’ नावाचे मोकळे साधन नव्याने रचायला घेतले, आणि इंटरनेट अर्काइव्हने 2020 च्या नोव्हेंबरात त्याच्या आधाराने जुनी फ्लॅशची कामे पुन्हा दाखवायला सुरुवात केली. नॅशला जे पुरते साधले नव्हते तेच काम नव्या हातांनी पुढे नेले.

आज साध्या चित्रफितीसाठी बाहेरचा तुकडा लागत नाही. ब्राउझरची खिडकीच ते काम करते. पण लिनक्सवर पैसे भरून चित्रपट पाहायचा झाला, तर बहुधा ब्राउझर एक कुलूपबंद तुकडा आणण्याची परवानगी मागतोच. प्रश्न मिटलेला नाही; त्याने नाव तेवढे बदलले आहे.

माझे मत विचाराल तर एवढेच. गरज खरी असेल तर फुकटची वस्तू अवश्य घ्यावी. पण ती उसनी आहे हे जाणून, तिच्या अटी वाचून आणि वचन पाळून घ्यावी. तिच्यावर घराचा पाया घालू नये. आणि मोकळी वस्तू ओबडधोबड असली तरी ती घडवणाऱ्याला हसू नये. जमेल तशी तिला घरात जागा ठेवावी.

या दिवाळीत पुष्कळ घरी नवे यंत्र येईल, आणि मुले पहिल्याच दिवशी ‘मान्य’वर बोट ठेवायला धावतील. त्या वेळी वडीलधाऱ्यांनी त्यांना क्षणभर थांबवावे आणि शेजारी बसून तो मजकूर त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. फराळाचे ताट शेजारी पोचवायला थोडा उशीर झाला तरी चालेल.