घराच्या चालीने



10 फेब्रुवारी 1895. मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते रेव्हरंड झाले, त्यांची भजने आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. पण त्या दिवशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं होतं. पदरात लहानगा दत्तू, सोवळ्याओवळ्यात वाढलेलं मन, आणि नवरा धर्माबाहेर गेलेला! त्या नातेवाइकांकडे राहिल्या. काही वर्षांनी टिळकांजवळ आल्या, तरी आपला धर्म आणि आपला स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला.

टिळक स्वभावाने तापट, उतावळे. मनात आलं की केलं, असा माणूस. मला त्यांची थोरवी इथे दिसते की बायकोच्या श्रद्धेच्या बाबतीत हा माणूस थांबला. लक्ष्मीबाईंच्या मनातला जातिभेद त्यांच्या स्वतःच्याच विचाराने गळून पडला, आणि 1900 साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं मोकळेपणाने लिहिलं आहे, नवऱ्याचे दोष न लपवता आणि त्याच्यावरची माया न आटवता. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर काव्यही पुढे त्यांनीच पूर्ण केलं.

आपल्यात बदल झाला की घरानेही लगेच बदलावं, असं आपल्याला वाटतं. कुणी व्यसन सोडतो, कुणी भक्तीला लागतो, आणि दुसऱ्याच दिवशी घरच्यांना उपदेश सुरू करतो. आज तेवढं करू नका. तुमच्या माणसाला त्याचा वेळ द्या.